हिडकल, रेणुकासागर आणि सुपा: जलाशयाकाठचा साधा मुक्काम (गळ, कयाक आणि राहती गाडी)

मलप्रभेचा_उगम

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी आणि हुक्केरी या पट्ट्यातील बरेच जण अलीकडे सुट्टीच्या दिवशी जलाशयाकाठी तंबू ठोकून किंवा गाडी लावून मुक्काम करू लागले आहेत. त्यांत तीन तऱ्हेचे लोक दिसतात: गळ टाकून बसणारे, कयाक घेऊन पाण्यात उतरणारे, आणि चूल, पाणी, अंथरूण, शौचालय असे सगळे बिऱ्हाड गाडीतच घेऊन फिरणारे. तिघांचीही गरज सारखीच आहे. पाण्याला लागून थोडी सपाट जागा, डोक्यावर एखादे झाड आणि रात्री शांतता, एवढे मिळाले की त्यांना रिसॉर्टची आठवण होत नाही. अशा मुक्कामाबद्दल आपल्या भागापुरती माहिती एका जागी यावी, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे पुढची चर्चा त्या अनुषंगाने होईल. आपल्याकडचा कोणताही जलाशय बेवारस नाही. पाणी पाटबंधारे खात्याचे असते, मासे मच्छीमार सोसायटीचे किंवा ठेकेदाराचे असतात, काठावरची जमीन गावाच्या वहिवाटीत असते आणि त्यामागचे रान वनखात्याचे असते. या चौघांपैकी आपल्या जागेचा संबंध कोणाशी येतो हे कळल्याशिवाय गाडीचे चाक रस्त्यावरून खाली उतरवू नये, आणि एकदा कळले की मग बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

आता जागांविषयी. हिडकल म्हणजे घटप्रभेवरचे राजा लखमगौडा धरण. पूर्ण पातळी २१७५ फूट आणि साठा ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). पुणे–बेंगळुरू महामार्गापासून हे जवळ असल्यामुळे मोठी गाडी घेऊन येणाऱ्यांना सर्वांत सोयीचे आहे. दुसरे मलप्रभेवरचे रेणुकासागर, सौंदत्ती तालुक्यात नवीलुतीर्थ येथे, साठा ३७.७३ टीएमसी. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते आणि तिथे पाऊस धो धो कोसळतो, तरीही हा जलाशय कित्येक वर्षे पूर्ण भरत नाही. उलट २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र इतके पाणी सोडावे लागले की खालच्या गावांची दैना झाली. तिसरे काळी नदीवरचे सुपा. ते उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात असले तरी खानापूर–रामनगर रस्त्याने आपल्याला शेजारचेच आहे. साठा १४५ टीएमसीच्या वर, म्हणजे हिडकलच्या जवळपास तिप्पट, आणि भोवती घनदाट जंगल.

तिन्हींचे स्वभाव निराळे आहेत आणि तिथे काय करता येईल हे त्या स्वभावावर ठरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी चढलेले असते, तेव्हा काठ झाडीला भिडतो आणि तंबूला जागाच उरत नाही. दिवाळीनंतर कालव्यांना रब्बीचे पाणी सुटते आणि पातळी उतरू लागते. मग रोज थोडा थोडा नवा काठ उघडा पडतो. मे महिन्यात तर हिडकलच्या पात्रात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर येते, आणि आज जिथे गळ टाकला तिथून पाणी पुष्कळ लांब गेलेले दिसते. मुक्कामाला उत्तम काळ म्हणजे दसरा ते महाशिवरात्र, असे माझे मत आहे.

ज्यांना मासेमारी, कयाक किंवा राहत्या गाडीचा प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शाळूची_पेर

धागा काढल्याबद्दल आभार. मी हुक्केरी भागातील शेतकरी कुटुंबातला आहे, त्यामुळे काठाच्या बाजूने लिहितो.

पाणी उतरते तेव्हा जी जमीन उघडी पडते तिच्यावर आमच्याकडे गाळपेर होते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्यापैकी काही घरे आजही त्या ओल्या गाळात हरभरा किंवा शाळू पेरतात. नांगरट फारशी लागत नाही, खत लागत नाही, ओलीवरच पीक येते. बाहेरून आलेल्या माणसाला ती जमीन मोकळे मैदान वाटते, कारण तिला बांध नसतो, कुंपण नसते, आणि पेरून आठवडाही झालेला नसेल तर हिरवे काहीच दिसत नाही. खाली वाकून पाहिले तर मात्र तिफणीच्या सरळ ओळी आणि त्यांत ढेकळाखाली दबलेले दाणे दिसतात. अशा ओळींवरून एक जड गाडी गेली की माती दाबली जाते आणि त्या चाकोरीत काही उगवत नाही.

म्हणून विनंती अशी की पाण्याच्या कडेला जाण्यापूर्वी वरच्या बाजूला जे पहिले घर किंवा गोठा लागेल तिथे थांबावे आणि "इकडं पेरलंय काय?" एवढे विचारावे. आमच्याकडे पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. बहुतेक वेळा शेतकरी स्वतः पुढे येऊन पड जागा दाखवतो, शेळ्या बसतात ती, आणि ती जागा नेमकी सपाट आणि कोरडीही असते.

सौंदत्ती बाजूला जाणाऱ्यांना आणखी एक सांगणे. हिडकलच्या भोवती मराठी-कन्नड दोन्ही चालते, पण रेणुकासागरच्या काठच्या गावांत कन्नडच चालते. कन्नड नीट बोलणारा एक जण सोबत असावा, म्हणजे परवानगी मागणे सोपे होते आणि गैरसमज होत नाहीत. मार्गशीर्ष ते माघ या पौर्णिमांच्या सुमारास यल्लम्माच्या डोंगरावर लाखोंनी भाविक येतात. त्या दिवसांत रस्ते, पाणी आणि काठ या सगळ्यांवर ताण असतो, तेव्हा मुक्कामाचा बेत त्या तारखा टाळून करावा.

गळकरी_चंदगड

मासेमारीबद्दल माझ्याकडून.

प्रथम कायद्याचे. कर्नाटकात १९९६ चा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा आहे आणि जलाशयात मासे धरण्याचा हक्क परवान्याने किंवा ठेक्याने दिला जातो. रोहू, कटला, मृगल यांचे बोटुकले (बोटाएवढी पिल्ले) पैसे खर्चून सोडलेले असते. त्यामुळे छंद म्हणून एक गळ टाकायचा असला तरी मत्स्य खात्याच्या तालुका कार्यालयात किंवा स्थानिक सोसायटीत विचारून, जी रीत असेल ती पाळून, मगच बसावे. सोसायटीचे लोक सकाळी जाळी काढायला येतात, तेव्हा त्यांच्याशी बोलणे झाले की पाण्याची सगळी माहितीही तिथेच मिळते.

दुसरे, काळाचे. पहिल्या जोरदार पावसात ओढे जलाशयाला येऊन मिळतात त्या तोंडांशी चढणीचे मासे येतात. अंड्यांनी भरलेला मासा प्रवाहाच्या उलट, वितीएवढ्या पाण्यातून अंग तिरपे करून वर सरकतो, आणि त्याला हातानेही पकडता येते. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे मासे धरत आले आहेत हे खरे, पण हौशी माणसाने त्या दिवसांत गळ गुंडाळून घरी बसावे असे मी आग्रहाने म्हणतो. तेव्हा धरलेली एक मादी म्हणजे पुढच्या हंगामातले हजारो मासे गेले. मरळीचेही तसेच आहे. पावसाळ्यात उथळ पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका बुडबुड्यांसारखा वर-खाली होताना दिसला, तर त्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात आणि समोर येईल त्यावर झडप घालतात. त्या वेळी आमिष टाकणे म्हणजे राखणदार काढून घेणे, आणि मग ती पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

तिसरे, प्रत्यक्ष गळाचे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगल तळाशी. जलाशय दिवाळीनंतर निवळला की शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा एकत्र मळून त्याचे गोळे एकाच जागी टाकत राहावे आणि गळाला त्याच मिश्रणाची बोराएवढी गोळी लावावी. कटल्यासाठी तरंड ठेवून गळ पाण्याच्या वरच्या भागात सोडावा. मृगलासाठी शिसे लावून तळाला बसवावा. उतरत्या पाण्यात मासा जुन्या ओढ्याच्या पात्राने खोलात सरकतो, म्हणून मे महिन्यात जागा पाहून ठेवणारा माणूस डिसेंबरात फायद्यात राहतो: तेव्हा उघडे पडलेले जुने रस्ते, विहिरी, बांध आणि ओढे मनात नोंदवून ठेवावेत.

महसीर लागला तर मात्र सोडून द्यावा. आपल्या दख्खनी महसीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठा नदीतल्या माशावरून केली. ज्या नद्यांत तो विपुल होता तिथे आज त्याला शोधावे लागते, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पिल्ले वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडावी लागतात. उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करून मासा धरावा, पाण्याबाहेर फार काळ ठेवू नये, आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यावा.

नवी_वल्ही

फार उपयुक्त चर्चा चालू आहे. आम्ही दोघी मैत्रिणींनी हवा भरायच्या कयाक घेतल्या आहेत आणि दोघींनाही पोहता येते. पहिल्यांदा मोठ्या पाण्यात उतरायचे तर हिडकल बरे की सुपा? आणि राकसकोप घराजवळ असल्यामुळे तिथे सराव करता येईल का?

मलप्रभेचा_उगम

राकसकोपबद्दल मी लगेच लिहितो, कारण हा प्रश्न वारंवार येतो. मार्कंडेय नदीवरचा तो तलाव बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे. तिथे मुक्काम, भांडी धुणे, कयाक, गळ यांतले काहीही करू नये. आपल्याच घरच्या नळाला येणारे पाणी आहे ते. तुडयेच्या बाजूने तलावाचे दर्शन घ्यावे आणि पुढे निघावे. त्याचप्रमाणे घटप्रभेवर गोकाकजवळचा धुपदाळचा बंधारा हे पक्षी अभयारण्य आहे, तोही या यादीतून वगळावा. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. त्याच्या हद्दीत ओढ्याकाठी तंबू टाकणे गुन्हा ठरतो, मग जागा कितीही मनात भरो. बाकीचे उत्तर वल्हे मारणाऱ्यांनी द्यावे.

वारा_आणि_वल्हे

नवी_वल्ही यांच्यासाठी: सुरुवात हिडकलने करा, आणि तीही सकाळी.

मोठ्या जलाशयात खरी भीती वाऱ्याची असते, खोलीची त्यामानाने कमी. सकाळी पाणी काचेसारखे असते आणि त्या फसव्या शांततेत माणूस वल्हे मारत दूर निघून जातो. उन्हे चढली की वारा सुटतो, दुपारनंतर लाटा उठतात, आणि हवा भरलेली कयाक हलकी असल्यामुळे समोरच्या वाऱ्यात जागची हलत नाही. म्हणून जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे थकल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. सरळ मध्यातून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा आणि काठाकाठाने वळसा घालावा. अंतर वाढते, पण उलटल्यास पोहून काठ गाठता येतो. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगातच हवे. ते कयाकवर बांधून ठेवले तर गरजेच्या क्षणी हाताला येत नाही.

पाण्याखाली काय आहे याचाही विचार करावा. धरणात झाडे बुडालेली असतात, आणि पातळी उतरताना त्यांचे वाळलेले शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात. दिसत नाहीत, पण हवेच्या कयाकचे पोट फाडायला पुरतात. मासेमारांची जाळीही अशीच पसरलेली असतात. ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे दिसले की खाली जाळे आहे असे समजून लांबून जावे. जाळ्यात वल्हे अडकले तर ओढाताण करू नये. शक्य झाल्यास हलकेच सोडवावे आणि नुकसान झालेच असेल तर मालकाला भेटून भरून द्यावे. हरिगोलातून (टोपलीसारख्या गोल नावेतून) येणारा मासेमार हाच आडवेळी आपल्याला काठावर आणणारा माणूस असतो.

सुप्याबद्दल. वरचा जलाशय आणि धरणाखालची नदी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गणेशगुडीच्या खाली काळी नदीला येणारे पाणी वीजगृह चालते की नाही यावर अवलंबून असते. सकाळी गुडघाभर दिसणारी धार यंत्रे सुरू होताच बघता बघता वाढते आणि नदीतल्या खडकावर बसलेला माणूस तिथेच अडकतो. तिथे फक्त परवानाधारक लोकांबरोबर उतरावे. दांडेलीच्या परिसरात नदीत मगरी आहेत, हे वेगळे सांगायला नको. आपल्या बाजूला चिकोडी आणि अथणीकडे कृष्णेच्या पात्रातही त्या आहेत, त्यामुळे कृष्णाकाठी संधिप्रकाशात पाण्याच्या कडेला बसून भांडी घासणे किंवा मासे साफ करणे टाळावे.

शेवटची सूचना. एका तलावातून कयाक काढल्यावर ती पुसून, उन्हात पूर्ण वाळवूनच दुसऱ्या तलावात न्यावी. जलपर्णीचा एक तुकडा तळाला चिकटून गेला तरी तो पुरेसा असतो.

चालते_बिऱ्हाड

आम्ही पती-पत्नी निवृत्तीनंतर राहत्या गाडीने फिरतो, म्हणून त्या बाजूची माहिती देते.

स्वयंपूर्ण गाडी याचा साधा अर्थ असा की आपण जितके दिवस राहू तितके दिवस बाहेरून काही घेणार नाही आणि बाहेर काही टाकणार नाही. पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात येतो, दुसरा राहून जातो. आमच्या हिशेबात दोन माणसांना आंघोळ जपून केली तर तीन दिवसांना ८० लिटर पाणी पुरते. तितकेच पाणी, थोडे कमी, साबण आणि खरकटे घेऊन मोरीच्या टाकीत साठते. ही टाकी नसेल आणि मोरीची नळी गाडीखाली उघडी सोडलेली असेल, तर ती गाडी स्वयंपूर्ण म्हणू नये. शौचालयासाठी काढता येणारी पेटी असते. ती भरल्यावर घरी किंवा ओळखीच्या ठिकाणी शौचालयातच रिकामी करायची, शेतात, ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या चरीत कदापि नाही. आपल्या भागात अशी पेटी रिकामी करण्याची सोय कुठेही ठरवून केलेली नाही आणि तीन दिवसांच्या वर मुक्काम लांबवता येत नाही याचे मुख्य कारण हेच आहे. पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर आधी विचारून, साफ करण्याचे पैसे देऊन काम होते.

विजेचे गणित असे. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साधारण १२८० वॉट-तास वीज साठवते. लहान फ्रिज दिवसाला ४०० ते ६०० वॉट-तास घेतो, दिवे, पंखा आणि मोबाइल मिळून आणखी २००. छतावर २०० वॉटचे सौर पॅनेल असेल तर हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात रोजचा खर्च रोज भरून निघतो. मात्र तेवढ्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि सावली हवी की वीज हवी हा निर्णय रोज सकाळी करावा लागतो. जनरेटर आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, आणि पलीकडच्या काठावरच्या गावालाही रात्रभर झोप मिळत नाही.

जमिनीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. खानापूर आणि चंदगडकडे तांबडी, जांभ्याची माती आहे; पाऊस थांबल्यावर ती लवकर निथळते आणि चाक धरते. पूर्वेला सौंदत्तीकडे जसजसे जावे तसतशी काळी माती सुरू होते. वाळलेली असताना ती सिमेंटसारखी घट्ट वाटते, पण पाण्याच्या कडेला वरची पापडी तेवढी वाळलेली असते आणि खाली लोण्यासारखा चिखल असतो. गाडी नेण्याआधी चालत जावे आणि टाच जोरात रोवून पाहावी. टाच आत गेली तर गाडी तिथेच ठेवावी आणि खुर्च्या पुढे न्याव्यात. अडीच-तीन टनांची गाडी रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि वळवाचे ढग आलेले असताना ट्रॅक्टरवाल्यालाही तिथे यायचे धाडस होत नाही.

गाडी बनवून घेणाऱ्यांसाठी: अंतर्गत बदल करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि राहत्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. सीमाभागात आपण दिवसातून दोनदा राज्य ओलांडतो, त्यामुळे कागदपत्रे चोख असलेली बरी.

परदेशातून_परत

ताई, तुमची पोस्ट वाचून अमेरिकेतल्या नोकरीच्या दिवसांची आठवण झाली. तिथे नद्यांवरची अनेक धरणे लष्कराच्या अभियंता दलाकडे आहेत आणि त्या जलाशयांच्या काठी त्यांनीच मुक्कामाच्या जागा राखून ठेवल्या आहेत. त्यांतल्या ज्या अगदी साध्या जागा असतात तिथे वीज नसते आणि कित्येकदा नळही नसतो. खडीची सपाट जागा, शेकोटीसाठी लोखंडी कडे, एक लाकडी टेबल, खड्ड्याचे बंदिस्त शौचालय आणि नाव पाण्यात उतरवण्यासाठी काँक्रीटचा उतार, एवढेच असते. काही ठिकाणी पहारेकरीही नसतो. पाकिटात शुल्क घालून पेटीत टाकायचे आणि पावतीचा तुकडा खांबाला लावायचा. एका जागी सर्वसाधारणपणे ३० दिवसांत १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, त्यामुळे कोणी कायमचा तळ ठोकत नाही.

गळकरी, कयाकवाले आणि राहत्या गाड्या तिथे शेजारी शेजारी राहतात, कारण प्रत्येकाची जागा खुणेने ठरलेली असते आणि नाव उतरवायच्या उताराच्या तोंडाशी कोणालाही गाडी लावू देत नाहीत. आपल्याकडे नीरावरी निगमाने (कर्नाटकच्या पाटबंधारे महामंडळाने) हिडकलला अशा दहा जागा आखून दिल्या आणि त्यांची देखभाल काठच्या ग्रामपंचायतीकडे सोपवली, तर गावाला उत्पन्न मिळेल आणि कचऱ्याला कोणीतरी जबाबदार राहील.

शाळूची_पेर

कल्पना चांगली आहे, परंतु मला एक भीती वाटते. दहा जागा आखल्या की अकरावी मागणी चहाच्या टपरीची येते, बारावी ध्वनिक्षेपकाची, आणि पाच वर्षांत तिथे मंगल कार्यालय उभे राहते. त्यापेक्षा शेतकऱ्याने आपल्या स्वतःच्या, पूर्ण पातळीच्या वरच्या जमिनीत दोन-तीन गाड्यांना जागा द्यावी आणि त्याचे थेट पैसे घ्यावेत, हे मला अधिक पटते. शौचालय घरचे असतेच, विहिरीचे पाणी असते, आणि काही झाले तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो.

मलप्रभेचा_उगम

दोन्ही बाजू विचारात घेण्याजोग्या आहेत, पण मी शाळूची_पेर यांच्या बाजूने झुकतो. आखलेली जागा चालवायला शिस्तीचे खाते लागते, आणि शेतकऱ्याला आपल्या बांधाची शिस्त जन्मापासून ठाऊक असते. मात्र नाव उतरवण्याचा पक्का उतार आणि शौचालयाची पेटी रिकामी करण्याची सोय या दोन गोष्टी सार्वजनिक खर्चाने व्हायला हव्यात. त्या एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातल्या नाहीत.

दवाखाना_खानापूर

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. तीन-चार गोष्टी लिहितो, त्या कृपया गांभीर्याने घ्याव्यात.

आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी आहे. सह्याद्रीच्या झाडीत चापडाही असतो आणि त्याच्या दंशावर ही लस उपयोगी पडत नाही. म्हणून तिळारी, सुपा, जांबोटी या बाजूला रात्री लाकडे गोळा करायला जाऊ नये, फांदीला हात घालण्यापूर्वी बॅटरीचा उजेड टाकावा आणि बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. तो भाग हलवू न देता तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. मुक्कामाच्या ठिकाणी मोबाइलला रेंज कुठे येते आणि ११२ ला फोन कुठून लागतो, हे उजेड असतानाच पाहून ठेवावे.

दुसरे, माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार गोचिडींमुळे होतो. दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून त्याची मोठी साथ आली होती. हिवाळा ते उन्हाळा हाच त्याचा हंगाम आहे आणि आपल्या मुक्कामाचाही तोच आहे. पालापाचोळ्यावर थेट बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, संध्याकाळी अंग तपासावे, आणि जंगलात मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहिल्याचे आवर्जून सांगावे.

तिसरे, थंडीत तंबूत किंवा गाडीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

वळवाच्या दिवसांत पश्चिमेला ढग जमू लागले की पाण्यातून बाहेर यावे आणि गळाचा लांब कार्बनचा दांडा हातातून खाली ठेवावा. विजेच्या दृष्टीने उघड्या काठावर उभा असलेला माणूस हाच सर्वांत उंच असतो.

गळकरी_चंदगड

डॉक्टरसाहेब, आभार. शेकोटीबद्दल जोडतो: फेब्रुवारीनंतर काठचे गवत पूर्ण वाळलेले असते आणि वनखाते वणव्याच्या भीतीने डोळ्यांत तेल घालून असते. तेव्हा उघडी शेकोटी नकोच. गॅसची लहान शेगडी पुरते. चंदगड, आजरा आणि खानापूर पट्ट्यात गवे रात्री पाण्यावर येतात, आणि हत्तीही फिरतात. जनावरांची रुळलेली वाट पाण्यापर्यंत आलेली दिसली, शेण किंवा मोठी पावले दिसली, तर तंबू तिथे लावू नये. तांदूळ, गूळ, फळे तंबूत ठेवू नयेत, गाडीच्या काचा बंद करून आत ठेवावीत.

नवी_वल्ही

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीनंतर आम्ही दोघी आणि माझे आई-वडील असे लहान गाडी व एक तंबू घेऊन हिडकलला जायचे ठरवत आहोत. बाबा गळ टाकतात. एका रात्रीचा मुक्काम आहे. नेमके कसे आखावे?

मलप्रभेचा_उगम

धरणाच्या भिंतीच्या बाजूला जाऊ नका. तो भाग संरक्षित आहे, आणि भिंतीच्या खाली नदीपात्रात तर मुक्काम नकोच, दरवाजे कधी उघडतील याचा नेम नसतो. वरच्या अंगाला, फुगवट्याच्या गावांकडे जा. शनिवारी दुपारी तीनच्या आत पोहोचा, म्हणजे शेतकऱ्याला भेटणे, जमीन तपासणे आणि तंबू लावणे उजेडात होते. तंबू पाण्यापासून निदान पन्नास पावले मागे आणि दोन-तीन फूट उंचावर लावा. त्या दिवसांत पातळी सहसा उतरतीच असते, पण वर चंदगडकडे अवकाळी पाऊस झाला तर ती चढूही शकते. बाबांना सोसायटीच्या माणसाशी भेट घालून द्या. कोणत्या खाडीत जाळी आहेत ते तो सांगेल आणि तुमच्या कयाकचा मार्गही त्यावरूनच ठरेल. तुम्ही दोघी रविवारी सूर्योदयाला पाण्यात उतरा आणि साडेनऊपर्यंत काठाला या.

पिण्याचे पाणी घरून न्या, माणशी चार लिटर. शौचासाठी खुरपे न्या. पाण्यापासून आणि वाटेपासून दूर, वीतभर खोल खड्डा करून नीट बुजवा, कागद मात्र पिशवीत घालून परत आणा. शेतकऱ्याने घरचे शौचालय वापरायला दिले तर तेच वापरा आणि निघताना काही रक्कम त्याच्या घरी हातात द्या, तो नको म्हणाला तरी. रविवार संध्याकाळी महामार्गावर ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर असतात, म्हणून जेवण करून दोनच्या सुमारास निघालात तर दिवसाउजेडी बेळगावात पोहोचाल.